दुरुस्तीच्या दुकानातून निघालेल्या गाड्या

प्रागहून म्लादा बोलेस्लावला जायचं असेल तर रेल्वेच्या नादी लागू नये. रुळांचा मार्ग वळसे घेत जातो आणि अंतर जेमतेम ६० किलोमीटर असूनही वेळ खातो. त्यापेक्षा मेट्रोच्या बी मार्गाचं पूर्वेकडचं शेवटचं स्थानक, चेर्नी मोस्त, गाठावं. बाहेरच्या थांब्यावरून बस सुटते आणि हमरस्त्यानं तासाभरात तिथं पोचवते. वाटेत सपाट शेतं लागतात. त्यातली बरीचशी शुगरबीटची. साखरेचा मुलूख म्हटल्यावर कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला उगाच आपलेपणा वाटतो. पण इथली साखर जमिनीखाली पिकते, त्यामुळे उसाच्या फडासारखं डोळ्यांत भरणारं काही दिसत नाही.

गाव यिझेरा नदीच्या काठी आहे. कड्यावर जुना किल्ला, त्यामागे जुनी पेठ, आणि या सगळ्याला झाकून टाकेल असा स्कोडाचा कारखाना. पर्यटक इथं क्वचित फिरकतो. प्रागमधले पूल आणि मनोरे सोडून कारखान्याच्या गावाला कोण जाणार? मला मात्र कारखान्याचंच गाव बघायचं होतं. चाकणमध्ये आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात ज्या कंपनीच्या गाड्या तयार होतात, तिचं घराणं मूळचं कुठलं आणि तिथं सुरुवातीला नेमकं काय चालायचं, याचं कुतूहल होतं. रस्त्यावर स्कोडा बघणं निराळं आणि त्या गाडीचा पणजोबा बघणं निराळं.

स्कोडाचं संग्रहालय ज्या रस्त्यावर आहे त्याला वात्स्लाव क्लेमेंटचं नाव दिलं आहे. ते जुन्या कारखान्याच्याच आवारात भरलेलं आहे आणि २०१२ साली त्याची नव्यानं मांडणी झाली. नव्या मांडणीत गाड्या सनावळीनं रांगेत उभ्या केलेल्या नाहीत. परंपरा, बदल आणि अचूक कारागिरी अशा विषयांनुसार त्या लावल्या आहेत. काही गाड्या तर भिंतीलगतच्या उंच फडताळांत, ग्रंथालयात पुस्तकं ठेवावीत तशा ठेवल्या आहेत. बघायला हे सुरेख आहे, पण वरच्या फडताळातल्या गाडीचं तोंड धड दिसत नाही. ज्याला क्रमानं इतिहास समजून घ्यायचा आहे त्यानं सरळ सायकलीपाशी जाऊन सुरुवात करावी, कारण या कंपनीचा जन्म सायकलीतून झाला.

त्याची गोष्ट अशी. क्लेमेंट हा या गावातला पुस्तकविक्रेता. १८६८ सालचा जन्म, सायकलीचा भारी शौक. त्यानं एका जर्मन कंपनीची सायकल घेतली, ती नीट चालेना. हा मुलूख, म्हणजे बोहेमिया, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता आणि कंपनीची शाखा उस्ती नाद लाबेम या बोहेमियातल्याच शहरात होती. क्लेमेंटनं तिथं चेक भाषेत तक्रार लिहिली. शाखेचं उत्तर आलं जर्मनमध्ये: उत्तर हवं असेल तर आम्हाला कळेल अशा भाषेत लिहा. कंपनीच्या इतिहासात ही गोष्ट अजून मोठ्या चवीनं सांगतात, आणि सांगतील नाही तर काय. अपमान गिळून नवी सायकल घेणारी माणसं जगात पुष्कळ. हा पुस्तकविक्रेता गेला आणि एक मेकॅनिक शोधून आला.

मेकॅनिकचं नावही वात्स्लावच: वात्स्लाव लाउरिन. क्लेमेंटहून तीन वर्षांनी मोठा, तुर्नोव गावाच्या बाजूचा, हातानं काम करण्यात तरबेज. १८९५ च्या डिसेंबरात दोघांनी मिळून सायकल दुरुस्तीचा धंदा थाटला. दुरुस्ती करता करता स्वतःच्या सायकली बनवू लागले आणि त्यांना नाव दिलं ‘स्लाविया’. स्लाव लोकांचा अभिमान मिरवणारं हे नाव म्हणजे एका अर्थी त्या जर्मन उत्तराला दिलेलं प्रत्युत्तरच. पुढे तेच नाव २०२२ साली चाकणच्या कारखान्यात बनलेल्या सेडान गाडीला मिळालं. पुण्याच्या रस्त्यावर ती गाडी चालवणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की आपण एका सायकलीचं नाव मिरवतोय?

इथं मला राहून राहून लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण येत होती. तेही १८६९ चे, म्हणजे क्लेमेंटचे जवळजवळ समवयस्क. त्यांचीही सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली. तिथून ते लोखंडी नांगराकडे वळले आणि पुढे किर्लोस्करवाडी उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकल हे यंत्रविद्येचं पहिलं पाठ्यपुस्तक होतं असं म्हणायला हरकत नाही. बॉल बेअरिंग, साखळी, नळ्यांची जोडणी, ताणलेल्या तारांवर पेललेलं चाक: पुढे मोटारीत लागणाऱ्या कितीतरी गोष्टी त्यात हाताळता यायच्या, आणि भांडवल फार लागायचं नाही. इंग्लंडातलं कॉव्हेंट्री असंच सायकलींवरून मोटारींकडे गेलं. फ्रान्समधल्या प्यूजोनंही आधी सायकली बनवल्या.

सायकलीनंतर आली फटफटी. क्लेमेंट पॅरिसहून वेर्नर बंधूंची मोटारसायकल घेऊन आला. तिचं इंजिन पुढच्या चाकाच्या वर, हँडलपाशी बसवलेलं होतं आणि पट्ट्यानं पुढचंच चाक फिरवायचं. सगळा भार वर आणि पुढे. निसरड्या रस्त्यावर ती आडवी होणार हे सांगायला अभियंता कशाला हवा? लाउरिननं ती उघडून बघितली आणि इंजिन उचलून खाली, सायकलीच्या चौकटीत आणलं. १८९९ मध्ये त्यांच्या फटफट्या विक्रीला आल्या. संग्रहालयात ती सायकल आणि ती फटफटी दोन्ही बघता येतात, आणि या दोहोंमध्ये मी बराच वेळ घालवला. फटफटीला पायडल अजून शाबूत आहेत. चौकट सायकलीचीच, फक्त जाड. जणू सायकलीला दिवस गेलेत आणि पोटात काहीतरी वाढतंय. कुठल्याही तांत्रिक पुस्तकापेक्षा या दोन वस्तू जवळून बघितल्या तर वाहनाची उत्क्रांती चटकन समजते.

त्या काळच्या इंजिनांची मोठी अडचण ठिणगीची होती. सिलिंडरमधलं हवा आणि पेट्रोलचं मिश्रण नेमक्या क्षणी पेटलं पाहिजे. जुन्या पद्धतीत तापलेली नळी वापरायचे. ती बेभरवशाची आणि धोक्याचीही, कारण फटफटी पडली तर आग लागायची. विजेची ठिणगी देणारा मॅग्नेटो हा त्यावरचा इलाज. स्टुटगार्टचा रॉबर्ट बॉश तेव्हा त्याच खटपटीत होता. क्लेमेंट आणि लाउरिन यांनीही ही विद्या हस्तगत केली. त्यानंतर त्यांच्या फटफट्या शर्यतीत उतरल्या. १९०५ मध्ये पॅरिसजवळच्या दूर्दां इथल्या आंतरराष्ट्रीय चषकाच्या शर्यतीत वात्स्लाव वोंद्रझिख हा त्यांचा स्वार पहिला आला. (हो, हाही वात्स्लाव. त्या गावात हाक मारली तर अर्धा रस्ता वळून बघत असेल.)

त्याच वर्षी चारचाकी आली. ‘व्वातुरेत ए’ हे तिचं नाव, आणि संग्रहालयाचा खरा मानबिंदू तीच आहे. व्ही आकाराचं दोन सिलिंडरांचं इंजिन, सुमारे एक लिटर क्षमतेचं, सात अश्वशक्तीचं. वजन ५०० किलो, वेग ताशी ४० किलोमीटर. दोन आसनं. दार नाही, काच नाही, छप्पर नाही. पितळी दिवे, लाकडी आऱ्यांची चाकं, आणि समोर उघडाबोडका मध्य युरोपातला हिवाळा. पण बग्गीला इंजिन ठोकून दिलंय असा तिचा अवतार नाही. इंजिन पुढे, शक्ती मागच्या चाकांकडे नेणारा दांडा खालून, मध्ये चालक: पुढची कित्येक दशकं मोटार याच बेतावर चालणार होती.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाच्या लगेच डोळ्यांत भरते. स्टिअरिंग उजवीकडे आहे. केवळ याच गाडीचं नव्हे, दालनातल्या १९३९ आधीच्या बऱ्याच गाड्यांचं. चेक लोक तोवर आपल्यासारखेच रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी हाकत. मार्च १९३९ मध्ये हिटलरच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि त्या महिन्यातच वाहतूक उजवीकडून सुरू झाली. बाजू बदलायचं आधीपासून ठरत आलं होतं, पण ती प्रत्यक्षात बदलली परक्या फौजेच्या हुकमानं. गाड्यांच्या रांगेत स्टिअरिंग उजवीकडून डावीकडे सरकतं ती जागा शोधली तर राजकीय इतिहासाचा सगळ्यात मोठा घाव तिथं सापडतो. मी तिथल्या तिथं दोन फेऱ्या मारून ती जागा शोधून काढली. फलकावर मात्र त्याचा उल्लेख माझ्या नजरेस पडला नाही. माझ्या मते तो ठळक असायला हवा.

१९०७ मध्ये कंपनीचे भाग विक्रीला निघाले आणि पहिल्या महायुद्धापर्यंत ती साम्राज्यातल्या मोठ्या मोटार कारखान्यांत मोडू लागली. आल्प्सच्या घाटांतल्या शर्यतींत तिच्या गाड्या चमकल्या. त्या हाकणाऱ्यांत एक होता काउंट अलेक्झांडर कोलोव्रात. हाच पुढे व्हिएन्नात चित्रपटनिर्माता म्हणून नावारूपाला आला आणि मार्लीन डीट्रिखला पडद्यावर सुरुवातीची संधी देणाऱ्यांत त्याचं नाव घेतलं जातं. इंजिनाचा आणि कॅमेऱ्याचा नाद एकाच माणसाला असावा, यात त्या काळाचा सगळा उतावीळपणा दिसतो. लिबेरेत्सचा आरएएफ हा मोटार कारखानाही १९१२ मध्ये लाउरिन आणि क्लेमेंट यांनी विकत घेतला. मग महायुद्ध, मग साम्राज्याचे तुकडे, आणि १९१८ ला चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश. एवढ्या मोठ्या कारखान्याला घरची बाजारपेठ अचानक आखूड झाली. त्यात जून १९२४ मध्ये आग लागली आणि कारखान्याचं मोठं नुकसान झालं. दोघा भागीदारांना मोठ्या आधाराची गरज होती.

तो मिळाला पिल्झेनच्या स्कोडा कंपनीत. एमिल स्कोडा या अभियंत्यानं १८६९ मध्ये तिथला यंत्र कारखाना विकत घेतला होता आणि तोफा, पूल, रेल्वे इंजिनं अशा अवजड कामांवर तो वाढला होता. स्वतः एमिल स्कोडा १९०० मध्येच वारला. त्यानं मोटार कधी बनवलीच नाही. १९२५ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि लाउरिन-क्लेमेंट हे नाव हळूहळू मागे पडून पिल्झेनचं नाव गाड्यांवर आलं. काही काळ दोन्ही नावं एकत्र होती. तशा बिल्ल्याची गाडी दालनात आहे, बघायला विसरू नका. पंख असलेल्या बाणाचं चिन्हही त्याच दशकातलं. ज्यांनी धंदा उभारला त्यांची नावं गेली आणि ज्यानं मोटार कधी बनवली नाही त्याचं राहिलं, ही उलटापालट उद्योगांच्या इतिहासात नवी नाही, पण इथं ती एकाच खोलीत समोरासमोर उभी आहे. लाउरिन १९३० मध्ये गेला, क्लेमेंट १९३८ मध्ये. निदान देश पारतंत्र्यात गेलेला बघण्याची वेळ त्याच्यावर आली नाही.

मोठ्या कंपनीच्या हाती आल्यावर पैशाला तोटा नव्हता, आणि ते हिस्पानो-सुइझापाशी कळतं. ही परवान्यावर बनवलेली राजेशाही गाडी. सहा सिलिंडर, साडेसहा लिटरांहून मोठं इंजिन. १९२६ मध्ये पहिली गाडी राष्ट्राध्यक्ष मासारिक यांच्याकडे गेली. एकूण बनल्या शंभराच्या आसपास. तिचं बॉनेट एवढं लांब आहे की तेवढ्या जागेत व्वातुरेत उभी राहावी असं वाटतं. बघणारे सगळे तिच्यापुढे उभं राहून फोटो काढतात. मला विचाराल तर ती सुंदर असली तरी या गावाची नाही. पॅरिसच्या कपड्यात उभा असलेला पाहुणा आहे तो.

गावाची गाडी म्हणजे ‘पॉप्युलर’. १९३० च्या मंदीत लोकांना परवडेल असं काहीतरी करणं भाग होतं. अभियंत्यांनी शिडीसारखी जड चौकट काढून टाकली आणि तिच्या जागी मधोमध एक जाड पोलादी नळी टाकली, पाठीच्या कण्यासारखी. इंजिन पुढच्या टोकाला. चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होऊ शकतील अशी टांगलेली. वजन घटलं, खड्ड्यांत गाडी सावरू लागली आणि किंमतही आटोक्यात आली. १९३४ मध्ये ‘पॉप्युलर’ नावानं ती बाजारात उतरली. तिचा दम दाखवण्यासाठी त्याच वर्षी पॉप्युलर गाड्यांचा एक ताफा प्रागहून थेट कोलकात्याला आला. पश्चिम आशियाचे कच्चे रस्ते, वाळवंट आणि मग हिंदुस्थानचा उन्हाळा, हे सगळं त्या काळी एक लिटरच्या इंजिनावर करायचं म्हणजे जिगरच पाहिजे. १९३६ मध्ये मॉन्टे कार्लो रॅलीत पॉप्युलर स्पोर्ट गाडीनं आपल्या वर्गात दुसरा नंबर काढला आणि तिच्या नावानं ‘पॉप्युलर मॉन्टे कार्लो’ ही देखणी छोटी गाडी निघाली. त्याच वर्षी ‘रॅपिड’ या मोठ्या भावंडानं ९७ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. जाहिरात करायची तर अशी.

मात्र या सगळ्यात मला सर्वाधिक गुंतवून ठेवलं ते ‘९३५ डायनॅमिक’नं. १९३५ च्या प्राग मोटार प्रदर्शनात मांडलेला हा नमुना: पाण्याच्या थेंबासारखं अंग, इंजिन मागच्या आसाजवळ, विजेवर चालणारा कोटाल गिअरबॉक्स. उत्पादनात ती कधी गेली नाही. संग्रहालयाच्या कार्यशाळेनं ती कष्टानं पुन्हा उभी केली. एका दालनात गाडी सापडते तेव्हा कशी असते आणि दुरुस्त झाल्यावर कशी होते, याचे टप्पे दाखवले आहेत. गंजलेला पत्रा, सडलेलं लाकूड, मग नव्या लाकडाची चौकट, त्यावर पत्रा, मग लुकण, मग रंग. आपल्याकडे नाना पेठेतल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात उभं राहून जे बघायला मिळतं त्याच कामाचं हे संयमी रूप. मला वाटतं, इथं थांबल्यावर गावाच्या स्वभावाचा उलगडा होतो. ज्यांची सुरुवात तक्रारीतून आणि दुरुस्तीतून झाली, त्यांनी जुनी गाडी उघडून पुन्हा बांधण्याला एवढी जागा दिली तर नवल नाही.

युद्धाच्या दालनात फारसं काही नाही, आणि ती उणीव जाणवते. जर्मन ताब्यात हा कारखाना लष्करी कामाला जुंपला गेला. ९ मे १९४५ ला, युरोपातली लढाई संपली असं जग म्हणत असताना, त्यावर बॉम्ब पडले. पुढे राष्ट्रीयीकरण झालं, पिल्झेनशी नातं तुटलं आणि म्लादा बोलेस्लावचा कारखाना सरकारी उद्योग म्हणून स्वतंत्र उभा राहिला. साम्यवादी राजवटीतही इथं वाईट गाड्या बनल्या नाहीत, उलट १९५९ ची ‘ऑक्टेव्हिया’ आणि तिची उघडी ‘फेलिसिया’ बघून वाटतं की कारागिरांना सरकारनं हात बांधूनही काही करता आलं. मग १९६४ ला ‘१००० एमबी’ आली. इंजिन मागे, आणि त्याचा ब्लॉक दाबाखाली ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा. तेवढ्या मोठ्या प्रमाणावर हे ओतकाम तेव्हा थोड्यांनाच जमत होतं. तिच्यासाठी नवा कारखाना उभारला गेला आणि चार लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. एमबी म्हणजे म्लादा बोलेस्लाव; लोक मात्र चेष्टेनं त्याचा अर्थ लावत ‘एक हजार बारीकसारीक दुखणी’. स्वतःच्या गाडीची अशी थट्टा करायला तिच्यावर प्रेम असावं लागतं. ब्रिटिशांच्या स्कोडावरच्या विनोदांत तसं प्रेम नव्हतं. ‘स्कोडाची किंमत दुप्पट कशी करायची? टाकी भरून’ हा त्यातला ठरलेला.

दरम्यान ‘१३० आरएस’नं १९७७ च्या मॉन्टे कार्लोत आपल्या वर्गात पहिला आणि दुसरा असे दोन्ही नंबर पटकावले. तरी थट्टा थांबली नाही. तिला पहिलं खरं उत्तर दिलं १९८७ च्या ‘फेव्हरिट’नं: बेर्तोने या इटालियन संस्थेचं डिझाइन, पुढच्या चाकांना शक्ती, आधुनिक घाट. बर्लिनची भिंत पडल्यावर रेनो आणि फोक्सवॅगन दोघेही या कारखान्यासाठी धावले. १९९१ मध्ये फोक्सवॅगननं बाजी मारली. त्याच्या दहा वर्षांनंतर शेंद्र्यात ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू झाली आणि औरंगाबादच्या पोरांना स्कोडाची नोकरी हा शब्दप्रयोग सवयीचा झाला.

कारखाना बघायचा असेल तर आधी नाव नोंदवावं लागतं. संग्रहालयाचं तिकीट आणि कारखान्याची फेरी एकत्र मिळते, पण फेरी आठवड्याच्या कामाच्या दिवसांतच. चालत जाण्यापेक्षा त्यांच्या गाडीतूनच जाणं बरं, आवार अवाढव्य आहे. वेळ उरला तर विमानतळाकडचं छोटं विमानसंग्रहालय चुकवू नका. ते मेतोद्येय व्लाखच्या नावानं आहे. तो लाउरिन-क्लेमेंटच्या कारखान्यात कामाला होता. १९१२ मध्ये त्यानं घरी बनवलेलं विमान उडवलं, आणि त्यात बसवलेलं इंजिन होतं मोटारीचं, त्याच्या मालकांच्या कारखान्यातलं. त्याआधीची विमानं त्यानं मोडकी घरी आणली होती आणि पुन्हा बांधली होती.